पहिल्या धुण्याचं पाणी

अंबिका निगुडकरांचं अक्षर उज्जैनमधल्या निदान हजार घरांत भिंतीवर टांगलेलं असेल, आणि त्यातल्या एकाही कागदावर त्यांचं नाव नाही. मुलींच्या शाळेत त्या एकतीस वर्षं चित्रकला शिकवत होत्या. चित्रकलेच्या बाईंनी स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवायचा, फळ्यावर ‘स्वागतम्’ काढायचं आणि सर्टिफिकिटांवर नावं घालायची, हे कुणी ठरवलं नव्हतं, ते तसंच होतं. धावण्यात पहिली आलेली, रांगोळीत तिसरी आलेली, नुसतीच हजर राहिलेली, सगळ्यांची नावं अंबिकाबाईंनी घातली. त्या निवृत्त झाल्या तेव्हा प्राचार्यांनी कोरं मानपत्र त्यांच्याच पुढे सरकवलं. “मॅडम, आप ही लिख दीजिए. आपसे अच्छा कौन लिखेगा?” त्यांनी लिहिलं, घरी आणलं आणि ट्रंकेत उलटं ठेवून दिलं.

रविवारी मात्र त्यांना कुणी अडवू शकत नसे. सत्तावीस वर्षं दर रविवारी त्या गावाबाहेरच्या भैरवगढला हबीबभाई छीपांच्या कारखान्यात जात आणि कापडावर लाकडी ठसे मारत. आधी शिकायला गेल्या, मग हात बसला, मग हबीबभाईच मोठ्या चादरीची किनार त्यांच्यावर सोपवू लागले. घरी त्याला ‘हिचं रंगकाम’ म्हणत.

एकसष्टाव्या वर्षी त्यांना राजस्थानातल्या एका खाऱ्या तळ्याकाठच्या कार्यशाळेचं बोलावणं आलं. बारा दिवस तिथेच राहायचं, कला आणि पर्यावरण एकत्र शिकायचं, आणि शेवटी केलेलं काम दिल्लीच्या प्रदर्शनात लागणार, प्रत्येक कामाखाली करणाऱ्याचं नाव. हे शेवटचं वाक्य अंबिकाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

बँकेतून निवृत्त झालेले श्रीधरराव म्हणाले, “वाळवंटात कसलं आलंय तळं? आणि पोळ्यांचं काय?”

“पोळ्या मी बरोबर नेत नाहीये. कणीकही इथेच आहे, तवाही इथेच आहे.”

तळं होतं, आणि केवढं होतं! काठावर मिठाची पापडी, पाय ठेवला की कुर्रकन मोडणारी. पुढे तांबूस, उथळ पाणी आणि त्यात लांब पायांवर उभे हजारो गुलाबी रोहित पक्षी. पक्ष्यांचा अभ्यास करणारा आल्हाद नावाचा तरुण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना काठावर घेऊन गेला. म्हणाला, “हा गुलाबी रंग त्यांचा जन्माचा नाही. पिल्लं राखाडी असतात. पाण्यातलं शेवाळ आणि बारीक किडे खाऊन पिसांना रंग चढतो. जे पाण्यात, ते पक्ष्यात.” अंबिकाबाईंनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली.

कार्यशाळा चालवणारी मृण्मयी पुण्याची. हुशार, चटपटीत, सगळ्यांना पहिल्या दिवसापासून नावानं ओळखणारी. तिला अंबिकाबाईंचं बोलणं फार आवडे. “ताई, तुमचं उज्जैनचं मराठी किती गोड आहे. ‘मी नहाऊन येते’, पुन्हा म्हणा ना.”

“गोड आहे तर चहात घाल,” अंबिकाबाई म्हणाल्या. मृण्मयीनं तेही फोनमध्ये टिपून घेतलं.

वीस मीटर कापड अंबिकाबाईंना मिळालं. तिथल्या खारट पाण्यात मंजिष्ठेचा लाल रंग काही केल्या उजळेना, मातकट पडे. तेव्हा मृण्मयीनं शहरातून तयार रंगांचे डबे मागवले. अंबिकाबाईंनी नाक मुरडलं, पण घेतले. दिल्ली डोळ्यांपुढे होती. पाच दिवस त्यांनी मांडी मोडून ठसे मारले. पक्ष्यांचे पाय, फक्त पाय, हजारो, एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाकडे विरळ होत गेलेले. बाकीचे तेरा जण येऊन बघत आणि गप्प होत. असं गप्प होणं अंबिकाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

नवव्या दिवशी संध्याकाळच्या चहाला मृण्मयीनं जाहीर केलं, “परवा सकाळी हे कापड आपण सगळे मिळून तळ्यात धुवायचं. पहिल्या धुण्यात रंग सुटतो ना? तो लाल रंग पाण्यात पसरताना वरून ड्रोननं घ्यायचा. तळ्याची जखम दिसली पाहिजे.”

अंबिकाबाईंनी कप खाली ठेवला. “पहिल्या धुण्यात नुसता रंग नाही सुटत. खळ सुटते, रंगातलं औषध सुटतं. हे डब्यातले रंग आहेत, बाई.”

“एवढ्या मोठ्या तळ्याला वीस मीटरनं काय होणार? आणि ताई, तुम्ही लोक तरी क्षिप्रेतच धुता की.”

“धुतो. म्हणून तर सांगतेय.” त्या आल्हादकडे वळल्या. “तू सांग ना हिला. जे पाण्यात ते पक्ष्यात, असं तूच म्हणालास.”

आल्हाद म्हणाला, “मात्रा तशी कमी आहे. पण आदर्श नाही म्हणता येणार.”

“आदर्श वगैरे मुलींना निबंधाला ठीक आहे. टाकायचं की नाही टाकायचं?”

त्यानं चहावर फुंकर घातली. चहा केव्हाच गार झाला होता.

मृण्मयी हसतच होती. “ताई, चिडू नका. तुम्हाला पटत नसेल तर या कामावर तुमचं नाव नको घालायला. कापड संस्थेचंच आहे. सोपं आहे.” आणि उठता उठता तिनं एक गठ्ठा अंबिकाबाईंच्या मांडीवर ठेवला. “सर्टिफिकिटांवर नावं मात्र तुम्हीच घाला हं. अक्षर काय सुंदर आहे तुमचं!”

अंबिकाबाईंच्या कानशिलापर्यंत संताप चढला. तरी हात सवयीनं चालला. तेरा नावं घातली. चौदावं, स्वतःचं, कोरं सोडलं आणि पेनाचं टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळभर त्या कापडासमोर बसून होत्या. राग मृण्मयीचा होता, आल्हादचा तर जास्तच होता, कारण त्याला माहीत होतं. पण मृण्मयीचं ते एक वाक्य कुसळासारखं रुतून बसलं होतं. हबीबभाईंच्या कारखान्यात छापणारा धूत नाही. छापणाऱ्यानं ठसा खाली ठेवला की त्याचं काम संपलं. गठ्ठे धुणारे घेऊन जातात. कुठे जातात, ते पाणी कुठे जातं, हे सत्तावीस वर्षांत अंबिकाबाईंनी विचारलं नव्हतं. राम घाटावर क्षिप्रेचं पाणी बघून मात्र दर अमावस्येला नाक धरलं होतं. इथेही डबे उघडताना त्यांनी तेच केलं. धुणार कुठे, हे विचारलंच नाही.

आता गप्प राहिलं तर दिल्लीत नाव. तेवढंच करायचं होतं, गप्प राहायचं. त्यांना ते चांगलं जमत असे.

दुपारी सगळे मिठागर बघायला निघाले. अंबिकाबाई गुडघा दुखतो म्हणाल्या. आल्हादला मात्र जिन्यात गाठलं. “न्हाणीघराचं पाणी कुठे जातं?”

“पक्क्या टाकीत. तळ्याजवळ म्हणून बंद टाकी लागते. उपसायला गाडी येते.” मग तो थांबला, त्यांच्याकडे पाहिलं. “का?”

“सरळ विचारलं की सरळ सांगता येतं तर तुला,” त्या म्हणाल्या आणि पदर खोचला.

एक दिवसाआड येणाऱ्या टँकरचं, चौदा जणांच्या अंघोळीचं सगळं पाणी त्यांनी वापरलं. वीस मीटर कापड बादलीबादलीनं भिजवलं, आपटलं, पिळलं. पहिलं पाणी रक्तासारखं आलं, दुसरं गुलाबी, पाचव्याला नितळ. सगळं मोरीतून टाकीत गेलं. मंडळी घामेजून परत आली तेव्हा नळ कोरडे होते आणि गच्चीवर पक्ष्यांचे पाय वाळत होते.

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला?” मृण्मयीचा आवाज पहिल्यांदाच हसरा नव्हता.

“धुवायचंच होतं ना? धुतलं.”

“आमच्या अंघोळी?” मागून कुणी तरी म्हणालं.

“उद्या करा. पक्ष्यांना उद्या नसतो.”

अकराव्या दिवशी ड्रोन उडाला, कापड तळ्यात उतरलं आणि पाणी होतं तसंच तांबूस राहिलं. जखम काही दिसली नाही. अंबिकाबाई त्याच संध्याकाळी गाडीत बसल्या.

महिन्याभरानं उज्जैनला एक लिफाफा आला. त्यात कोरं सर्टिफिकिट आणि प्रदर्शनाचा फोटो. कापड मोठ्या दालनात टांगलेलं, खाली पाटी: ‘भैरवगढचे पारंपरिक कारागीर’. अंबिकाबाई फ्रीगंजच्या बाजारातून भाजी घेऊन परतल्या तोवर श्रीधररावांनी सर्टिफिकिटाच्या कोऱ्या जागी बॉलपेननं नाव घालून ते चौकटीत भिंतीवर टांगलं होतं. बँकेतल्या तिरक्या अक्षरात, सौ. अंबिका श्रीधर निगुडकर.

“वाईट दिसत होतं कोरं,” ते कौतुकानं म्हणाले.

“मधे तुम्ही कुठून आलात?”

“अगं, नाव असंच असतं.”

“तळ्यावर मी एकटी होते.” त्यांनी चौकट भिंतीवरून काढली आणि भाजी निवडायला घेतली. श्रीधरराव दोन दिवस फुगून होते. पोळ्या त्यांना वेळेवर मिळाल्या.

रविवारी त्या भैरवगढला गेल्या. हबीबभाईंनी फोटो लांब धरून पाहिला, पाटी वाचली. “कौन कारीगर? मैं तो यहीं बैठा था.” मग बोट कापडाच्या विरळ टोकावर ठेवून म्हणाले, “यह हाथ आपका है, मैडम. पाटी कुछ भी बोले.”

एवढं ऐकून एरवी त्या विरघळल्या असत्या. हबीबभाईंनी नवी चादर मेजावर ताणली, रंगाचा डबा उघडला आणि किनारीचा ठसा त्यांच्यापुढे केला.

त्यांनी तो घेतला नाही. “धुलाई कहाँ होगी?”

“जहाँ होती है.”

“कहाँ?”

“सत्ताईस बरस में तो कभी पूछा नहीं आपने.”

“पूछना चाहिए था. ग़लती मेरी. अब पूछ रही हूँ.”

हबीबभाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाकीच्या मेजांवरचे ठसे थांबले. अंबिकाबाईंनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, पर्स मांडीवर घेतली आणि उत्तर येईपर्यंत बसायच्या तयारीनं बसल्या.