नऊ मिनिटांच्या गाण्याचा अर्थ

मंडळी, एका सायकेडेलिक, म्हणजे भासांच्या दुनियेत नेणाऱ्या, रॉक गाण्यावरची माझी मोठी पोस्ट आज येणार होती. ती मी दुपारीच पुसून टाकली.

आमच्या गावी, बेल्याला, घराच्या ओसरीवर गाणं लावून लिहीत बसलो होतो. नऊ मिनिटांचं गाणं आहे. मधेच गिटार उलटी वाजते, गायकाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. मी लिहिलं होतं, ही मुक्ती आहे, देहाबाहेरचा प्रवास आहे.

आई बाजूला तुरीची डाळ पाखडत होती. म्हणाली, "काय म्हणून राह्यला रे तो?"

"भिंती श्वास घेतात म्हणते. अन् म्हणते, मी हाका मारून राह्यलो, पण कोणाले ऐकू जात नाई."

तिचं सूप थांबलं. "बंद कर बापू ते. दवाखान्यात मले असंच होत होतं."

गेल्या पोळ्याला तिच्या मेंदूत ताप गेला होता. चार दिवस ती सांगत होती, भिंत हालून राह्यली, मी बुडून राह्यली, हात धर. आम्ही डॉक्टरांना सांगितलं, ती बडबडून राह्यली. त्यांनी झोपेचं इंजेक्शन दिलं. आणि मी बाहेर बाकावर बसून, इअरफोनवर हेच गाणं ऐकत, त्याचा अर्थ लावत होतो.

आज गाणं बंद करून मी तिच्याजवळ सरकलो. "आई, तवा नेमकं कसं वाटत होतं तुले?"

डाळीतले खडे वेचता वेचता ती म्हणाली, "आता काऊन इचारतं?"

मंडळी, तिला काय सांगू?