नुसता तळहात

कोमट करडीच्या तेलाचा वास आला की परभणीतली ती थेरपीची खोली आठवते. माझी मुक्ता दोन वर्षांची झाली तरी बसत नव्हती. घरी सासूबाई तिला रगडून मालिश करायच्या. जोर लावल्याशिवाय अंग मोकळं होत नाही, असं आम्हाला वाटायचं. पिंगळीहून रेल्वेनं आणलेल्या माझ्या लेकीच्या पाठीखाली थेरपीवाल्या मॅडमनी मात्र तेच तेल लावून नुसता तळहात ठेवला.

"मॅडम, तुमी तर काईच करायला न्हाईत," मी चिडून म्हणाले.

"तिची मूठ बघा."

कायम आवळलेली ती मूठ उघडली होती. कितीतरी दिवसांनी माझेही खांदे सैल झाले.

चालायला तिला पुढं बरीच वर्षं लागली. आज तीच माझ्या गुडघ्याला तेल लावायलीय.

"जोरात चोळ की," मी म्हणते.

ती ऐकत नाही. नुसता तळहात टेकवते, अन् माझा डोळा लागतो.