दिंडोरीचे मेहुणे आणि आमची पिस्ता भिंत

माझ्या बायकोचे थोरले भाऊ या पृथ्वीवर फक्त एकाच गोष्टीला घाबरतात, आणि ती म्हणजे बुरशी. पुढारी, पोलीस, बिबट्या हे सगळे त्यांच्या लेखी किरकोळ. दिंडोरीला उभा जन्म द्राक्षबाग सांभाळल्यामुळे कोणतंही पान उलटून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आमच्या साखरपुड्यात त्यांनी विड्याचं पान उलटून पाहिलं आणि मग तितक्याच संशयाने माझ्याकडे पाहिलं. मला उलटून पाहिलं नाही, हे माझं नशीब.

गेल्या पावसाळ्यात बायकोचा खोकला काही थांबेना. औषधाच्या बाटल्यांवर बाटल्या संपत होत्या. बेडरूमच्या भिंतीवर काळे ठिपके आले होते, पण ते मी स्वतःच्या हाताने, टाळ्यांची अपेक्षा ठेवून, पिस्ता रंगाने झाकून टाकले होते. महिन्याभरात ते पिस्त्यातून पुन्हा वर आले. तेव्हा मी ऐटीत मेहुण्यांना फोन लावला, "दादा, फवारणीचा पंप घेऊन या. भिंतीवर औषध मारून टाकू."

"दाजी, बेडरूम हाय का बाग ती? बागेचं औषध घरात कुणी मारतं का? हात लावू नका, येतो मी."

आले ते चहासुद्धा न घेता कपाटापाशी गेले. मला ते सरकवायला लावलं. मागे काळं मखमल पसरलं होतं. पलीकडे बाथरूमचा पाइप झिरपत होता. "पाठीमागं बघितलंच नाय तुम्ही! आधी पाणी तोडा. पाणी मिळतंय तोवर ही बुरशी जात नाय."

प्लंबरने पाइप दुरुस्त केला. मग त्यांनी बहिणीला शेजारी धाडलं, खिडकी सताड उघडली आणि मला घट्ट मास्क, गॉगल, रबरी हातमोजे चढवून स्वतः दाराबाहेर उभे राहिले. मला थेट चंद्रावर निघाल्यासारखं वाटलं. त्या भरात मी बादलीत ब्लीच ओतलं आणि वर संडासचं ॲसिडही ओतणार, एवढ्यात किंकाळी आली, "थांबा! विषारी वायू होतो त्याचा! बहिणीला विधवा करता का माझ्या?"

बादली बदलली. साबणाचं पाणी आलं. मी कोरडा ब्रश उचलला तर पुन्हा गर्जना, "ओल्या फडक्यानं! कोरडं घासलं की सगळी घरभर उडती." कपाटाची फुगलेली पाठ बाहेर गेली आणि तिला चिकटलेली, हौशी नाटकांतल्या माझ्या अभिनयाची प्रशस्तिपत्रंही. मी गहिवरून प्रशस्तिपत्रांची बाजू मांडली. मेहुण्यांनी कचऱ्याची पिशवी आणखी रुंद उघडली.

"दादा, नुसते हुकूम सोडताय, एखादा हात तुम्हीपण मारा की!" मी चिडून म्हणालो.

"छातीच्या डॉक्टरनी मना केलंय," ते म्हणाले. "आमच्या वेळेला फवारताना तोंडाला नुसता रुमाल असायचा, दाजी."

मी मास्कची पट्टी आणखी घट्ट ओढली आणि ओलं फडकं पुन्हा भिंतीला लावलं.

भिंत वाळली. हळूहळू खोकलाही गेला. आता दर रविवारी त्यांचा फोन येतो. माझी चौकशी नसतेच. "पोरी, मोठा श्वास घे बरं," ते बहिणीला सांगतात. ती घेते. ते कान देऊन ऐकतात. "चांगला हाय," म्हणतात. मग फोनच्या स्पीकरमधून त्यांचा स्वतःचा श्वास ऐकू येत राहतो, बारीक शीळ घालणारा.