मृत्युपत्रातली लेक

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी रत्नागिरीच्या कोर्टात नवीनच वकिली सुरू केली होती. तिथे तेव्हा बायका वकील जवळजवळ नव्हत्याच. ज्यांच्या हाताखाली मी शिकत होते ते वकीलसाहेब मनाने चांगले होते, पण मला कोणतं काम द्यावं हे काही त्यांना सुचत नसे. वाटण्यांचे दावे आणि बागांच्या बांधांची भांडणं ते स्वतः बघत. मला पोटगीचे अर्ज देत, नाहीतर टाइप केलेले कागद तपासायला लावत. त्यामुळे एका मार्चात, उन्हाने लालबुंद झालेली साठीची एक इंग्रज बाई आमच्या पायऱ्या चढून वर आली, तेव्हा साहेबांनी मान वर न करता माझ्याकडे बोट केलं.

"अगो, बाईला बाईच बरी. काय म्हणते ती बघ."

बाई ग्रंथपाल होती, नुकतीच निवृत्त झालेली. लग्न केलेलं नव्हतं. तिच्या आजोबांची एक बहीण रस्ते-पूल बांधणाऱ्या साहेबाशी लग्न करून रत्नागिरीला आली होती. साहेब तापाने गेला. बहिणीने परत यावं म्हणून भावाने खूप सांगून पाहिलं, पण ती आली नाही. इथेच भाड्याच्या बंगल्यात राहिली, गावातल्या मुलींना शिवण शिकवत राहिली आणि इथेच वारली. "आमच्या घरात तिचं नाव कुणी घेत नसे. मला वाटायचं, तिला कुणी नव्हतंच," पाहुणी म्हणाली.

मग तिने पिशवीतून मृत्युपत्राची नक्कल काढली. तिकडच्या सरकारी कचेरीतून तिने ती मागवली होती. मी ती वाचली. जगभर असतो तसलाच कोरडा मजकूर, पुस्तकं अमक्याला, घड्याळ तमक्याला. आणि मधेच एक वाक्य होतं, की माझ्या घरी कामाला असलेल्या आयेच्या मुलीला, जिला मी माझी लाडकी लेक म्हणून वाढवलं आणि जिला तिचा मामा पालीकडे घेऊन गेला, तिला माझं शिवणयंत्र द्यावं. आणि तिची इच्छा असेल तर तिने माझं आडनाव लावावं.

"लेक," पाहुणी म्हणाली. "म्हणजे माझ्या वडिलांची ती आतेबहीण झाली की नाही?"

कायद्याने झाली नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. ते बाजूला ठेवून मी नक्कल पुन्हा वाचायला घेतली.

मृत्युपत्रात मुलीचं नाव होतं, पण तसल्या नावाच्या बाया पालीकडे घरटी एक सापडल्या असत्या. शिवाय लग्नानंतर नाव बदललेलं असणार. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. एक पाद्री. दुसरी सही मराठीत, आणि तिच्यापुढे पत्ता पावसचा. तो माणूस दवाखान्यात कंपाउंडर होता हे आम्हाला पावसला गेल्यावर कळलं. तो कधीच गेला होता. त्याचा मुलगा, निवृत्त शिक्षक, आंब्याच्या बागेत राखणीला बसला होता. त्याने आम्हाला सावलीत बसवलं, कोकम सरबत दिलं.

"मडमेची पोर ना? वडील फार सांगायचे," तो म्हणाला. "आया मानमोडीच्या तापात गेली, अठरा सालच्या साथीत. पोर चार-पाच वर्षांची. मडम तिला स्वतःच्या खोलीत निजवायची. दोघी संध्याकाळी समुद्रावर हिंडायच्या, पोरीच्या पायात बूट. लोक बोलायचे. पुढे मडम आजारी पडली आणि मामा आला पोरीला न्यायला. अशी राहिली तर हिच्याशी आमच्यात लग्न कोण करणार, म्हणाला. मडमेने अडवलं नाही. पण ती गेल्यावर मडम जेवेना, असं वडील सांगायचे."

"मामाचं गाव?"

गाव आणि मामाचं नाव, दोन्ही त्याला आठवत होती. पालीच्या पुढे, हमरस्ता सोडून आत गेलेली एक वाडी.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी एस.टी.ने पालीला उतरलो आणि विचारत विचारत निघालो. वाडीतल्या माणसांनी मामाचं घर दाखवलं. मृत्युपत्रातलं नाव घेतल्यावर मामाच्या नातवाने सांगितलं, ती आपली आत्या, शेजारच्याच वाडीत दिलेली आहे आणि अजून चांगली हिंडती-फिरती आहे. पाहुणीने माझा दंड घट्ट धरला. ती जिवंत असेल असं आम्हा दोघींनाही वाटलं नव्हतं. आम्ही नातवंडं शोधत होतो.

घर शेणाने सारवलेल्या खळ्याचं, साधं, नीटनेटकं. म्हातारीचा मुलगा मुंबईची गिरणी सुटल्यावर गावी येऊन शेती करत होता. त्याने पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. मी कोण, कुठली ते सांगितलं आणि जपून विषय काढला. आपल्या आई लहानपणी रत्नागिरीत एका मडमेकडे होत्या का?

त्याचा चेहरा बदलला. "कोणी सांगितलंन तुम्हाला?"

"मडमेच्या मृत्युपत्रात…"

"आमच्या आईचा कुठल्याही मडमेशी संबंध नाय. तुमची चूक झाली. माझ्या मुलीची सोयरीक चाललीय, वकीलबाई. असलं काही वाडीत पसरलं, तर उद्या विचारतील, तुमची म्हातारी बाटलेली काय म्हणून." आवाज त्याने चढवला नाही. उलट हात जोडले. "तुम्ही आलात, बरं झालं. पण आता जावा."

उठताना मी आत पाहिलं. माजघराच्या दाराशी एक बारीकशी म्हातारी भिंतीला धरून उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. पाहुणीकडे बघत होती.

परतीच्या वाटेवर पाहुणी म्हणाली, "तो बरोबर आहे. मी कशाला आले? माझ्या मनाला बरं वाटावं म्हणूनच ना?" त्या माणसाची भीती खोटी नव्हती. खरं सांगायचं, तर मी तेव्हा प्रकरण संपलं असंच समजले. पाहुणीचं परतीचं तिकीट आठवड्यावर आलं होतं.

बाजाराच्या दिवशी मी कोर्टातून येते, तर आमच्या ऑफिसबाहेर एक बाई बसलेली. डोईवरचा पदर नीट करत उठली. म्हातारीची सून.

"ती बाय गेली काय गो?"

"नाही, आहे अजून."

तिने श्वास सोडला. "सासूने पाठवलान. तुम्ही गेल्यापासून धड जेवली नाय. मी विचारलं तर म्हणते, मला तिच्याजवळ ने. आमच्या ह्यांना सांगितलं नाय. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते, म्हणून उद्या घेऊन येते. कुठे येऊ ते सांगा."

मी माझ्या घरचा पत्ता सांगितला. आईला एवढंच सांगितलं, की जेवायला पाहुणे आहेत.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. म्हातारीने धुवट नऊवारी नेसलेली, कपाळाला गोंदण, पाय अनवाणी. पाहुणी उठून उभी राहिली आणि हात पुढे करावा की जोडावे या घोटाळ्यात तशीच थांबली. म्हातारी सरळ तिच्यापाशी गेली. तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला. बराच वेळ बघितलं.

"कान तसेच हायत," ती म्हणाली.

मी ते इंग्रजीत सांगितलं, आणि पाहुणी रडायला लागली. म्हातारी रडली नाही. ती खुर्चीवर न बसता खाली भिंतीला टेकून बसली आणि सुनेला म्हणाली, "तू पण ऐक. तुझ्यापासून आता काय लपवायचं?"

मग तिने सांगितलं. आई गेल्यावर मडमेने तिला कशी उचलून नेली. ताप आला की कपाळावर थंड फडकी घालत कशी जागायची. शिवण कसं शिकवलं, टाका वाकडा आला की न ओरडता उसवून पुन्हा कसा घालायला लावायची. आणि मामा आला तो दिवस. मडम पलंगावर पडलेली, भिंतीकडे तोंड करून. "मी हाक मारली. दोनदा मारली. तिने तोंड वळवलान नाय. मला वाटलं, हिला मी नकोशी झाले. आजारात पोर कोण सांभाळणार, म्हणून धाडून दिलान. मामाने वाटेत सांगितलंन, पालीला गेल्यावर मडमेचा शब्द काढायचा नाय. गावी गेल्यावर पंचगव्य पाजलान, सगळं केलान. मी शब्द काढला नाय. माझ्या घोवाला माहीत होतं, त्यानेही कधी काढलान नाय. चांगला होता. पण मी सगळा जन्म तेच धरून बसले, की तिने तोंड वळवलान नाय."

पाहुणीने मृत्युपत्र माझ्याकडे दिलं. मी ते वाक्य आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं. 'माझी लाडकी लेक.'

म्हातारीने मला थांबवलं. "असंच लिहिलंन? का तू आपल्या मनाचं सांगतेस, मला बरं वाटावं म्हणून?"

"असंच लिहिलंय, आजी. शपथ."

"परत वाच. तिच्या भाषेत वाच."

मी पुन्हा वाचलं. 'डिअर' हा शब्द आला तशी ती पुढे झुकली. "हां. असंच म्हणायची. हाक मारताना असंच म्हणायची." मग तिने पदर तोंडावर घेतला, आणि सून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि तशीच मागे गेली.

थोड्या वेळाने मी आडनावाचं सांगितलं. त्याने मात्र तिला हसू फुटलं, दात नसलेलं, मोठं हसू. "आता काय करू गो त्या आडनावाचं? रेशनकार्डावर मावेल तरी काय?" पाहुणीला ते समजावून सांगितलं तशी तीही हसली. म्हणाली, आम्हालाही फॉर्म भरताना कायम जागा कमी पडते.

शिवणयंत्र कुठे गेलं ते कुणालाच माहीत नव्हतं. बंगल्यातलं सामान विकलं गेलं असणार. पाहुणी नवं घेऊन देते म्हणाली. म्हातारीने हात झटकले. डोळे गेले, आता कोण चालवणार? तेव्हा सून पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "मी चालवीन की." सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्यावर ती ओशाळली, पण शब्द मागे घेतला नाही. पाहुणीने दुसऱ्याच दिवशी तिच्यासाठी मशीन घेतलं. पुढे पालीच्या बाजारात तिच्या हातची झबली विकायला असत. माझ्या मुलाचं पहिलं झबलं तिच्याकडचंच.

घरी गेल्यावर म्हातारीने मुलाला स्वतःच सांगितलं. काय सांगितलं ते मला कळलं नाही. एवढं कळलं, की तो दोन दिवस शेतात जाऊन बसला. सोयरीकवाल्यांना त्याने सांगितलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. लग्न झालं, त्याची पत्रिका मला आली.

पाहुणी निघायच्या आदल्या दिवशी तो आईला घेऊन रत्नागिरीला आला. बरोबर कोयती. "आईला थडगं बघायचंय," मला म्हणाला. आमच्याकडे बघायचं टाळत होता. पाहुणीने पुढे होऊन इंग्रजीतच काहीतरी म्हटलं. मी भाषांतर करणार, तर तो म्हणाला, "राहू दे वकीलबाई, समजलं."

गोऱ्यांची ती दफनभूमी रानाने भरून गेली होती. पाहुणी रत्नागिरीत आल्या आल्याच एकटी तिथे जाऊन आली होती, म्हणून थडगं सापडलं. चप्पल काढून ठेवून तो घाणेरीची झुडपं तोडत पुढे गेला आणि आईसाठी वाट केली. दगडावरची अक्षरं झिजली होती. तोडलेल्या घाणेरीचा उग्र वास सगळीकडे पसरला होता. आम्ही तिघं मागे थांबलो. म्हातारी हळूहळू खाली बसली, हाताने दगडावरची माती झाडली, कडेला वाढलेलं गवत उपटलं. तिने नमस्कार केला नाही, फूलही वाहिलं नाही. मुलगा जवळ जाऊन उभा राहिला, तरी तिचं लक्ष नव्हतं. ती दगडाशी अगदी साध्या आवाजात बोलत होती, बाजारात कुणी ओळखीचं भेटल्यावर बोलावं तशी.

"मी लांब नव्हते गो," ती म्हणाली. "पालीलाच होते."