थंड इंजिनाचा आवाज

थंडीत सकाळी गाडी सुरू केली की इंजिन खडखडतं. गॅरेजला पोहोचेस्तोवर ते तापतं आणि आवाज गायब. "कसा येतो, काढून दाखवा की," मेकॅनिक म्हणाला. भर रस्त्यात मी तोंडाने 'खड्-खड्-खड्' केलं. गाडीत बसलेली आई खुदकन हसली.

तिचंही तसंच आहे. सकाळी उठल्यावर थोडा वेळ ती मला ओळखत नाही. एरवी मला अरे-तुरे करणारी आई अदबीनं विचारते, "आपण कोण?" दुपारी डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांच्याशी झकास गप्पा मारते. "सकाळी नेमकं काय होतं?" डॉक्टर मला विचारतात. आई माझ्याकडे कौतुकानं बघत असते. तिच्यादेखत तिचं ते 'आपण कोण?' मला काढून दाखवता येत नाही.