मागून वाजणारा बास

हॉटेलातल्या जॅझच्या बँडमध्ये छत्तीस वर्षं खांबकाकांनी डबल बास वाजवला. माणसाहून उंच असं ते लाकडी वाद्य. त्याला कवेत घेऊन उभं राहायचं आणि बोटांनी जाड तारा ओढायच्या. काका त्याला असे रेलून उभे असत, की कोणी कोणाला धरलंय ते कळू नये. नाव पडलं ते त्यामुळेच.

पण खांदा कुरकुरू लागला, आणि हॉटेलचा मॅनेजरही. ‘‘त्या एका वाद्याच्या जागेत चौघांचं टेबल बसतं,’’ तो म्हणाला. बँडमास्तरांनी मग गिटारसारखा गळ्यात अडकवायचा इलेक्ट्रिक बास आणून दिला. ‘‘महिनाभर हात बसवा. नाहीच जमलं तर... बघू.’’ असल्याच एका ‘बघू’नंतर त्यांचा ट्रंपेटवाला हल्ली जावयाच्या दुकानात बसत होता.

काकांनी घरी महिनाभर वाजवलं; शेजारी नकोत चिडायला म्हणून वायर न जोडता.

‘‘इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमचं वाजवणं आवडलं,’’ बायको म्हणाली.

‘‘काय आवडलं?’’

‘‘ऐकू येत नाही ते.’’

रविवारी दुपारी चहाच्या वेळी हॉटेलात वायर जोडली गेली. गाणं सुरू झालं आणि काकांना पाठीमागून बास ऐकू आला. त्यांच्या बासचा आवाज आजवर पोटाला लागून बरगड्यांतून वर यायचा. हा चार पावलांवरून येत होता. म्हणजे मास्तरांनी दुसरा माणूस आणलासुद्धा! भांडायचं त्राण नव्हतं. काकांनी अदबीनं हात थांबवला. मागचाही थांबला. काकांनी पुन्हा सूर धरला, त्यानंही धरला. ‘तुम्ही घ्या’ म्हणायला ते वळले, तर मागे गुडघ्याएवढी स्पीकरची पेटी.

मास्तर डोळे वटारून बघत होते. जुना दोस्त ड्रमवाला हात न थांबवता पुटपुटला, ‘‘खांब्या, कोणाला शोधतोयस?’’

‘‘वाजवणाऱ्याला.’’

‘‘तो तूच आहेस बाबा.’’

‘‘असेन. माझ्यापर्यंत पोचत नाहीये.’’

‘‘मग बस त्या पेटीवर.’’

काका बसले. आवाज खालून कमरेत शिरला, कण्यातून कसाबसा बरगड्यांपर्यंत आला. पूर्वीसारखा भरदार नव्हता. पण आपला होता. डोळे मिटले, बोटं तालावर आली.

गाणं संपल्यावर मास्तर जवळ आले. ‘‘बसूनच वाजवा उद्यापासून. फक्त डोळे मिटू नका, लोकांना वाटतं झोपलात.’’

‘‘महिन्याभरानं आज झोप येतेय, मास्तर,’’ काका म्हणाले आणि पुढच्या गाण्याचा सूर लावू लागले.