जाऊबाई ऐकत होत्या तोवर

दिवसभर मी शाळेत हिंदीतून शिकवत असे, घरी वऱ्हाडी बोलत असे आणि कागदावर पुस्तकातली मराठी लिहीत असे. लग्न होऊन हिंदी मुलखातल्या सौंसरला आले तेव्हा लिहिण्याची खोड सोबत आली. घरात टेबल नव्हतं. चार वाजता शाळेतून आलं की चहा घेऊन मी स्वयंपाकघरातच बसायची, गव्हाच्या कोठीचं झाकण मांडीवर घेऊन. कागद म्हणजे जुन्या परीक्षेच्या पेपरांच्या पाठकोऱ्या बाजू. समोर जाऊबाई सुपात तूर निवडत असायच्या.

माझ्याहून त्या बऱ्याच मोठ्या. शाळा दुसरीपर्यंतच झालेली. रामाकोना गावाकडच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात मजुरांबरोबर राबून त्यांचे हात खरखरीत झाले होते. मी काय लिहिते हे त्यांनी पहिले काही महिने विचारलं नाही. मग एक दिवस म्हणाल्या, "मनातल्या मनात काय पुटपुटून राहिली? मोठ्यानं वाच ना."

मी वाचलं. एका बाईच्या अंतःकरणात काहूर माजतं, असं काहीतरी होतं. त्यांचा हात सुपात थांबला. काहूर म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी समजावून सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मंग पोटात कालवलं म्हन ना बाई. तिले कालवलंच असन."

मी ते वाक्य खोडलं. माझं खरं लिहिणं त्या दिवशी सुरू झालं, असं मला आजही वाटतं. त्यानंतर त्यांना ऐकवल्याशिवाय एकही कथा मी टपालात टाकली नाही. खोटं वाक्य आलं की त्या मान वर करायच्या, बोलायच्या नाहीत. मी थांबायची, पुन्हा लिहायची. पटलं की तूर निवडणं तसंच चालू राहायचं. सुपातल्या दाण्यांचा तो सारखा आवाज म्हणजे माझी शाबासकी होती.

मग त्यांना खोकला लागला. संध्याकाळी अंग तापायचं, नऊवारी कमरेवर ठरेना. मोठे दीर त्यांना बसनं नागपूरला घेऊन गेले. डॉक्टरनं छातीचा फोटो काढला. त्या आजाराचं नाव आमच्या घरात कुणी मोठ्यानं घेतलं नाही. रोज एक सुई घ्यायची होती, सौंसरच्याच दवाखान्यात. शाळेत जाता जाता मी त्यांना तिथं सोडत असे.

ताप गेला. अंगावर मांस आलं. सगळ्यांना हायसं वाटलं. त्याच सुमारास कानात रातकिडे ओरडून राहिले, असं त्या म्हणू लागल्या. अशक्तपणा असेल, असं सासूबाई म्हणाल्या, आम्हालाही तसंच वाटलं. नागपूरला पुन्हा दाखवायला नेलं तोवर फार थोडं ऐकू येत होतं. डॉक्टरनं सरळ सांगितलं की या औषधानं काहींचं असं होतं. छाती बरी झाली होती. कान परत येणार नव्हते.

मी ऐकवणं सोडलं नाही. अगदी जवळ बसून, ओरडून वाचायची. शेजारच्या अंगणात ऐकू जायचं, त्यांना नाही. त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहायच्या आणि मान हलवायच्या. एकदा मी पान उलटायला थांबले होते, काहीच वाचत नव्हते, तरी त्यांनी मान हलवली. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. मग त्यांनीच माझ्या हातातला कागद हळूच खाली ठेवला.

"नको वाचू आता," त्या म्हणाल्या. "तुह्यं तोंड हालते अन् मले काईच आयकू येत नाही. जीव तुटते माह्या."

मी हार मानली नाही. अक्षरं त्यांना येत होती, सवय मोडली होती. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून मी त्यांना पुन्हा वाचायला बसवलं. सारा हिवाळा आम्ही त्यात घालवला. त्या चिकाटीनं शिकल्या. माझी एक कथा मासिकात छापून आली तेव्हा मी अंक त्यांच्यापुढे ठेवला. ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत त्यांनी दुपारभर ती वाचली. मी समोर बसून होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला.

"चांगली हाये," त्या म्हणाल्या. मग अंक मिटत, "पन हे तं कोनीबी वाचन. तू वाचत होती, ते माह्यासाठी होतं."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्या माझ्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाला पांढुर्ण्याला नोकरी लागली. त्यानं आईवडिलांना तिकडे नेलं. सुटीत मी जायची. त्या संत्री सोलून फोडी माझ्या हातावर ठेवायच्या आणि शेजारपाजारच्या गोष्टी सांगायच्या. आपला आवाज किती मोठा झाला आहे हे त्यांना कळत नव्हतं. मुलगा हातानं खूण करायचा, हळू बोल म्हणून, की त्या एकदम गप्प व्हायच्या. माझ्या लिहिण्याबद्दल त्यांनी कधीच विचारलं नाही. मीही पाटी मागितली नाही.

तिथंच त्या वारल्या. त्यांच्यामागे वर्षभर माझी एकही कथा पुरी झाली नाही. नंतर पुन्हा लिहू लागले, छापूनही येत गेलं. चार वाजता चहा घेऊन बसते, लिहिलेलं स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवते. कुठं थांबायचं ते मात्र कळत नाही. खोटं वाक्य सापडतं ते छापलेल्या पानावर, आणि तिथं ते आता खोडता येत नाही.